कुंकू लावलेली सही

बँकेतील खुर्चीवर बसताना महानंदेने पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला आणि कापडी पिशवी मांडीवर ठेवली. पिशवीत कडक भाकरीची तीन पाकिटे होती. नळदुर्गाहून सकाळच्या पहिल्या एसटीने निघताना तिने ती मुद्दाम बरोबर घेतली होती. कर्जाचे प्रकरण मंजूर झाले की ती मॅडमच्या हाती द्यायची, आधी नाही. आधी दिली तर ती लाच दिसेल आणि नंतर दिली तर तो प्रसाद ठरेल, असा तिचा हिशेब होता.

समोर बसलेल्या तबस्सुम मॅडम या धाराशिवच्या या शाखेतील कर्ज अधिकारी. मागच्या महिन्यात त्यांनीच महानंदेचा अर्ज भरून घेतला होता. अर्ज साधा होता. महानंदा आणि तिच्या हाताखालच्या सहा बाया मिळून शाळू ज्वारीच्या कडक भाकरी करीत. सोलापूर-हैदराबाद मार्गावरचे ढाबेवाले त्या भाकरी उचलीत. आता तिला भाकरी थापण्याचे यंत्र घ्यायचे होते आणि महामार्गावर एक गाळा. गाळ्यासाठी वीस हजारांचा विसार देऊन झाला होता. दसऱ्याला उरलेले पैसे दिले नाहीत, तर गाळाही जाणार होता आणि विसारही. बँकेकडून चार लाख हवे होते. स्वतःचा हिस्सा म्हणून एक लाख पंच्याहत्तर हजारांची मुदत ठेव तिने सहा वर्षांत पै-पै जोडून केली होती.

मंजुरीविषयी तिच्या मनात शंका नव्हती. बचत गटाचा एकही हप्ता तिने कधी एक दिवस उशिरा भरला नव्हता. एकदा अंगात ताप असताना ती रिक्षा करून हप्ता भरायला गेली होती आणि गटाच्या अध्यक्षा तिला हसल्या होत्या. "आपलं नाव चोख पाहिजे," असे ती तेव्हा म्हणाली होती, आणि ते बोलणे तिला अजून आठवत होते.

तबस्सुम मॅडम बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला.

"ताई, तुम्ही कधी गाडीसाठी कर्ज घेतलं होतं का?"

"म्या?" महानंदेला हसू आले. "मॅडम, मला सायकलसुद्धा येत न्हाय."

मॅडम हसल्या नाहीत. "ट्रकसाठी. एका खाजगी वित्त कंपनीचं."

"ट्रक आमच्या मालकांचा होता. तो विकून चार वर्षं झाली. तुमी दुसऱ्या कुणाचं तरी बघताव. महानंदा नावाच्या लई बाया असत्यात आमच्याकडं."

"पॅन तुमचंच आहे ताई. जन्मतारीख तुमचीच." मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला. "तुमचा सिबिलचा आकडा पाचशे एकेचाळीस आहे. आमच्याकडं सातशेच्या खाली प्रकरण पुढं जात नाही. या ट्रकच्या कर्जाला तुम्ही जामीनदार आहात. दोन लाख चौदा हजार थकीत आहेत. कर्ज दिल्याची तारीख बघा, अठरा एप्रिल दोन हजार अठरा."

तारीख वाचताक्षणी महानंदेच्या कानात एक घंटा वाजू लागली. ती बँकेतली नव्हती. ती देवघरातली होती.

त्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. तिच्या लग्नाला अडीच महिने झाले होते. हातांतील हिरवा चुडा अजून उतरला नव्हता. तिच्या नवऱ्याच्या, वीरभद्राच्या, घराण्यात पूर्वी धान्याची आडत होती आणि त्या काळापासून एक रीत चालत आली होती: वर्षाच्या नव्या वहीवर पहिले बोट घरच्या सुनेचे उमटायचे. कुंकवात बुडवलेले बोट सुनेने कोऱ्या पानावर टेकवावे, मग पुरुषांनी लेखणी धरावी. आडत बंद पडली, पण रीत राहिली. म्हणून ट्रकचे कागद घेऊन कंपनीचा माणूस घरी आला तेव्हा सासूबाईंनी, उमादेवी अव्वांनी, चौरंग मांडला, समई लावली, कागदांवर विभूतीची तीन बोटे ओढली आणि सुनेला पाटावर बसवले. "बोट उमटवून भागंल कसं, आता शाळा शिकलेली सून हाय," त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या. "सही कर बाळे. तुझ्या हातानं लक्ष्मी घरात येऊ दे."

महानंदेने सही केली. अव्वांनी त्या सहीला कुंकू लावले. कंपनीचा माणूस हसून म्हणाला होता, "वहिनींचा हात शुभ आहे, इथंही करा. आणि या पानावर. आणि इथं." तिने केल्या. तिला आठवत होते, सहाव्या सहीला तिचे अक्षर सर्वांत सुंदर आले होते.

"मॅडम," ती म्हणाली, आणि तिचा स्वर तिलाच परका वाटला, "ती पूजा होती."

तबस्सुम मॅडमना ते कळले नाही. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

महानंदा पाणी प्यायली नाही. "लग्न झालं म्हणून त्यांचं कर्ज माझ्यावर चढलं का?"

"नाही ताई. लग्नानं काहीच चढत नाही. तुमचं खातं लग्नाआधी जसं वेगळं होतं तसंच आजही वेगळं आहे, आणि त्यांचंही. नवऱ्यानं कर्ज बुडवलं म्हणून बायकोचा आकडा पडत नाही. हे तुमच्या सहीनं चढलंय."

"मग अर्धं माझं का?"

"पूर्ण. कंपनीनं आधी त्यांच्याकडं मागावं, नंतर तुमच्याकडं यावं, असाही नियम नाही. ज्याच्याकडून वसूल होईल त्याच्याकडून ते घेऊ शकतात."

"आन् उद्या म्या माहेरी निघून गेले तर? फारकतीचा कागद केला तर?"

असे प्रश्न त्यांना अनेकींनी विचारले असावेत. तरी उत्तर देताना त्यांनी नजर खाली केली.

"लग्न सुटेल ताई. सही सुटणार नाही."

महानंदा उठली. दारापर्यंत गेली. मागून शिपायाने पिशवी आणून दिली तेव्हा ती खुर्चीवरच राहिल्याचे तिला कळले. पाकिटे तशीच होती.

परतीच्या एसटीत तिने खिडकीची जागा धरली. परंतु तुळजापूर कधी आले नि कधी गेले हे तिने पाहिले नाही. ती मनाशी एकच गोष्ट पुनःपुन्हा पडताळत होती. गेली सात वर्षे आपण जे चोख नाव जपत होतो, ते जपायला प्रारंभ करण्यापूर्वीच आपण ते सहा जागी लिहून देऊन बसलो होतो. ताप असताना रिक्षाने जाऊन भरलेला हप्ता तिला आठवला.

ती घरी गेली नाही. महामार्गावर फाट्यापाशी उतरून थेट वजनकाट्यावर गेली. ट्रक विकल्यापासून वीरभद्र तिथे पावत्या फाडण्याचे काम करी. काट्यावर उसाची मळी भरलेला टँकर उभा होता, त्यामागे आणखी दोन गाड्या. काचेच्या खोलीत वीरभद्र आकडा लिहीत होता. तिला पाहून तो चकित झाला आणि मग आनंदला.

"झालं का मंजूर?"

तिने मॅडमनी छापून दिलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो पाहिला. वाचायला जेवढा वेळ लागावा तेवढाही लागला नाही.

"कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

महानंदेला आयुष्यात इतका मोठा धक्का बसला नव्हता. बँकेतही नाही. येताना साऱ्या वाटेवर तिने त्याची उत्तरे स्वतःच रचली होती: हे खोटं आहे, काहीतरी चूक आहे, हे मलाही ठाऊक नाही. त्यांतले एकही आले नाही. त्याला ठाऊक होते. फक्त ते तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचले, एवढेच त्याला विचारायचे होते.

"ओ काटेवाले!" बाहेरून टँकरच्या चालकाने ओरडून विचारले. "वहिनीचं वजन मग करा, आधी आमचं करा! मळी उन्हात उकळायली!"

वीरभद्राने पावती फाडून खिडकीतून दिली.

"गाडी बलभीमला विकली, ते तुला ठाऊकच हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "नोटरी करून दिली. उरलेले हप्ते त्यानं भरायचे, असं ठरलं. नावावर करून घ्यायची म्हणला, कर्ज फिटल्यावर. वर्षभर भरले त्यानं. मग थांबला. कंपनीनं गाडी ओढून न्हेली, लिलावात काढली. तरी जे उरलं ते हे."

"त्याला किती दिवस झाले?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष तुमी माझ्यासंगं एका ताटाला बसून जेवताव."

"तुझा धंदा जम धरत व्हता. म्हटलं, माझं गाठोडं माझ्या डोक्यावर राहू दे. तुला झळ नको."

"मी जामीन हाय, हे तुमाला ठाऊक व्हतं?"

वीरभद्राने वजनाच्या तांबड्या आकड्यांकडे पाहिले. काटा रिकामा होता, आकडा शून्यावर स्थिर होता.

"कंपनीच्या हापिसात म्हणले व्हते. घरातलं एक माणूस जामीन लागतंय, नावापुरतं असतंय म्हणले. मी विचार केला, घरी जाऊन सांगीन. आलो तर अव्वानं चौरंग मांडलेला. समई लावलेली. तू चुडा भरून पाटावर बसलेली. अशा वक्ताला जामीन हा शब्द तोंडातून कसा काढावा? अशुभ वाटला. म्हटलं, उद्या सांगू."

महानंदा त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या बोलण्यात कपट नव्हते, हे तिला दिसत होते आणि त्यामुळेच तिला अधिक भय वाटले. ज्या माणसाने तिचे नाव बुडवले त्याने ते एका शब्दाचा विटाळ टाळण्यासाठी बुडवले होते.

"कंपनीनं मला पत्र धाडलं असंल ना? मला एक पण न्हाय मिळालं."

"अव्वाला सांगून ठिवलं व्हतं. गाडीचा कसला बी कागद आला तर देवापाशी ठेव, मी बघतो म्हणून."

"बघितलं का?"

बाहेर पुढची गाडी काट्यावर चढली. आकडे पळू लागले. वीरभद्राने पावतीपुस्तक पुढे ओढले.

उमादेवी अव्वा घराच्या पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांचे माहेर सीमेपलीकडचे, आळंदकडचे; त्यांना वाचता येई ते कन्नड. मराठी त्या सफाईने बोलत, पण मराठी अक्षरे त्यांना परकी होती. सासरे वर्षातील आठ महिने मठाच्या सेवेत असत, म्हणून घरातले देवकार्य अव्वांच्याच हाती होते. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी सूप बाजूला ठेवले.

"काय झालं बाळे? पैसं न्हाय म्हणले का ते?"

"अव्वा, माझ्या नावाची पत्रं आली व्हती का कधी?"

"आली व्हती की," अव्वा सहजपणे म्हणाल्या. "पोष्टमन सही घेतोय माझी. गाडीच्या कंपनीचं, सूनबाईच्या नावाचं, म्हणून नावावर बोट ठिवून सांगतोय. मी नीट ठिवल्यात."

त्या उठल्या आणि महानंदेला देवघरात घेऊन गेल्या. बसवण्णांच्या पितळी मूर्तीमागे तांबड्या खणात गुंडाळलेली एक गठडी होती. अव्वांनी ती दोन्ही हातांनी काढून कपाळाला लावली आणि सुनेच्या हाती दिली. त्यात सात लखोटे होते. तीन वीरभद्राच्या नावाचे, चार महानंदेच्या. एकही फोडलेला नव्हता. प्रत्येकावर विभूतीच्या तीन रेघा होत्या आणि जिथे महानंदेचे नाव छापले होते त्याच्या शेजारी कुंकवाचे बोट.

"दर सोमवारी बेल वाहते मी," अव्वा म्हणाल्या. "तुझ्या हातानं आलेली गाडी. ती गेली, पण तिचा मान ऱ्हायला पायजे."

महानंदा जमिनीवर बसली. तिने आपल्या नावाचा पहिला लखोटा फोडला. आत वकिलाची नोटीस होती. दुसऱ्यात गाडी ताब्यात घेतल्याची सूचना. तिसऱ्यात लिलावापूर्वीचे पत्र: आपण पंधरा दिवसांत रक्कम भरल्यास वाहन परत मिळू शकेल. तिने तारीख पाहिली. त्या पंधरवड्यात तिच्या मुदत ठेवीत एक लाख दहा हजार होते. त्या वेळी थकलेले हप्ते होते अठ्ठ्याण्णव हजारांचे. गाडी परत आली असती. ती चालली असती, नाहीतर रीतसर विकली गेली असती. त्या पंधरा दिवसांत या पत्रासमोर दोनदा बेल वाहिला गेला होता.

"अव्वा," ती म्हणाली, "मी जामीन हाय."

अव्वांच्या हातातील खण तसाच राहिला. हा शब्द त्यांच्या दोन्ही भाषांत एकच होता. अव्वांच्या वडिलांचे किराणा दुकान होते. त्यांनी चुलत भावाला जामीन दिला होता आणि ज्या दिवशी दुकानाला दुसऱ्याचे कुलूप लागले त्या दिवशी नऊ वर्षांची उमा रस्त्यावर उभी राहून ते पाहत होती. हे त्यांनी महानंदेला पूर्वी एकदा सांगितले होते.

"कुणी केलं तुला जामीन?"

महानंदेने चौथ्या लखोट्यातील कराराची प्रत काढून अव्वांपुढे धरली. खाली तिची सही होती, आणि सहीवर एक पुसट काळा ठिपका. छायाप्रतीत कुंकू काळे दिसते.

अव्वांनी तो ठिपका ओळखला. त्या भिंतीला टेकल्या आणि हळूहळू खाली बसल्या.

"अय्यो शिवा," त्या म्हणाल्या. "सही कर म्हणून मी सांगितलं तुला."

संध्याकाळ झाली. चूल अव्वांनी पेटवली, भात महानंदेने वाढला आणि वीरभद्र ताटावरून अर्धपोटी उठला.

दुसऱ्या दिवशी तबस्सुम मॅडमचा फोन आला. त्यांना चैन पडले नव्हते, असे त्यांच्या बोलण्यावरून दिसले.

"ताई, काल तुम्ही लगेच उठलात, म्हणून सांगायचं राहिलं. कंपनीवाले थोडी सूट देऊन मिटवू म्हणतील. ते घेतलंत तर नावापुढं तडजोड केल्याचा शेरा राहतो, आणि तो बँकांना चालत नाही. पूर्ण भरून दाखला घेतलात तर कर्ज फिटल्याचं दिसेल. आकडा लगेच वर यायचा नाही. वर्ष-दीड वर्ष लागेल."

"म्हणजे दसऱ्याचा गाळा गेला."

"हो, ताई. आणखी एक. जामीनदारानं कर्ज फेडलं, तर ते पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला कायद्यानं मिळतो."

"मूळ कर्जदार माझा नवरा हाय."

"नवरा असला तरी."

महानंदेने फोन ठेवला आणि ती किती तरी वेळ तव्यासमोर उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा शेजारी पीठ मळणारी करिश्मा ओरडली, "अक्का, कुठं बघायल्याव?" करिश्माचे लग्न मागच्या उन्हाळ्यात झाले होते.

"करिश्मा," महानंदा म्हणाली, "सासरी तुझ्याकडून कशावर सही घेतली का गं कुणी?"

"अजून न्हाय. दीराच्या दुकानाचं काय तरी हाय, उद्या माणूस येणार म्हणून आमचे मालक म्हणत व्हते."

"त्या माणसाला म्हणावं, कागद आधी माझ्याकडं घेऊन ये."

करिश्मा हसू लागली. अक्काचा चेहरा पाहून तिचे हसू मध्येच थांबले.

महानंदेने मुदत ठेव मोडली. वीरभद्राने स्वतःची मोटारसायकल एकोणचाळीस हजारांना विकली. मोटारसायकल विकावी, असे तिने त्याला सांगितले नव्हते. त्याने एका संध्याकाळी नोटा तिच्यासमोर ठेवल्या आणि तो काट्यावरून चालतच आला असल्याचे तिला त्याच्या धुळीने भरलेल्या पायांवरून कळले. दोन्ही मिळून दोन लाख चौदा हजार झाले. ते भरून तिने दाखला आणला. त्याच आठवड्यात गाळा मोबाईल दुरुस्तीवाल्याला गेला. गाळेमालकाने विसारातला एक रुपयाही परत दिला नाही. "ताई, मी थांबलो की न्हाय दसऱ्यापर्यंत?" एवढेच तो म्हणाला.

दाखला आणला त्या दिवशी महानंदेने अव्वांना आणि वीरभद्राला देवघरात बोलावले. तिने स्वतःच्या हाताने एक कागद लिहिला होता. तिने तो आधी मराठीत वाचला आणि मग प्रत्येक वाक्य अव्वांना कन्नडात समजावून सांगितले. मूळ कर्जदार वीरभद्र यांच्या कर्जापोटी त्यांच्या पत्नीने जामीनदार या नात्याने एक लाख पंच्याहत्तर हजार रुपये भरले. ते वीरभद्र तिला दरमहा पाच हजार प्रमाणे परत करतील, एवढेच त्यात होते.

वीरभद्र थिजल्यासारखा झाला. "नवऱ्याकडून कागद लिहून घेणार तू? लोक काय म्हणतील?"

"तिच्याकडून घेतला तवा लोकांनी काय म्हणलं?" अव्वांनी विचारले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

वीरभद्राने अव्वांकडे पाहिले. या घरात त्याची आई त्याच्या विरुद्ध बाजूला बसलेली त्याने कधी पाहिली नव्हती.

"माझ्यावर भरवसा न्हाय म्हण की सरळ," तो महानंदेला म्हणाला.

"हाय," ती म्हणाली. "तुमी देणार, हे मला ठाऊक हाय. पण माझा भरवसा बँकेला दिसत न्हाय. कागद दिसतोय. अन् मला पुन्हा उभं ऱ्हायचं हाय."

त्याने हात पुढे केला. "आण. करतो सही."

महानंदेने कागद मागे घेतला. "आधी वाचा."

"तू वाचलंस की आत्ताच."

"म्या वाचलं म्हणून तुमी सही करणार? त्या दिवशी असंच झालं व्हतं."

अव्वा भिंतीशी बसून होत्या. "ओदप्पा," त्या लेकाला कन्नडात म्हणाल्या. "वाच बाबा. मोठ्यानं वाच."

वीरभद्राने कागद समईच्या उजेडात धरला आणि वाचू लागला. शाळेनंतर त्याने मोठ्याने काही वाचले नव्हते. तो अडखळत वाचत होता. 'जामीनदार' या शब्दापाशी तो थांबला. सात वर्षांपूर्वी जो शब्द त्याने या देवघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता, तो आता त्यालाच इथे उच्चारायचा होता. त्याने तो उच्चारला. आवाज फाटला, पण शब्द पुरा झाला. शेवटपर्यंत वाचून त्याने सही केली.

सही होताच अव्वांचा हात सवयीने पुढे आला. करंडा उघडला, बोट कुंकवात बुडाले आणि कागदाकडे वळले. तिथे पोहोचण्याआधीच ते हवेत थांबले. अव्वा त्या तांबड्या बोटाकडे असे पाहत राहिल्या, जणू ते दुसऱ्याच कुणाचे असावे. ते आता कुठे टेकवायचे, हे त्यांना सुचेना; परत करंड्यात बुडवायचे तर ते देवाला दिलेले परत घेतल्यासारखे.

महानंदेने त्यांचे मनगट धरले. तिने ते बोट कागदापासून वळवून आपल्या कपाळाशी आणले.

"हिकडं लावा, अव्वा," ती म्हणाली.

अव्वांनी कुंकू लावले. मग महानंदेने कागदाची घडी घातली आणि ती बसवण्णांच्या मागच्या खणात न ठेवता आपल्या कापडी पिशवीत ठेवली. पिशवीच्या तळाशी कडक भाकरीची तीन पाकिटे अजून होती. तिने ती बाहेर काढली, एक फोडले आणि तिघांच्या मध्ये ठेवले. पहिला तुकडा मोडला त्याचा आवाज त्या देवघरात फार मोठा झाला.